टाकाऊ ढिगाऱ्यांवर हिरवळ : आधी माती, मग झाड

चंद्रपूरहून घुग्घुस आणि वणीच्या दिशेने जाणाऱ्या प्रवाशाला सपाट काळ्या रानात मध्येच डोंगर उभे राहिलेले दिसतात. या डोंगरांचे माथे कापल्यासारखे सपाट असतात, अंगावर पावसाने पाडलेल्या घळी असतात आणि झाडझाडोरा फार थोडा असतो. जुन्या नकाशांत त्यांना स्थान नाही, कारण ते निसर्गाने उभारलेले नाहीत. कोळशाच्या थरापर्यंत पोहोचण्यासाठी वरची माती, मुरूम, वालुकाश्म आणि शेल उकरून बाजूला टाकावे लागतात. त्यांचेच हे ढीग होत. खाणीवरील माणसे त्यांना 'ओबी' म्हणतात. उमरेडच्या परिसरात असेच ढीग आहेत. सावनेर, रामटेक आणि तुमसर तालुक्यांत मँगनीजच्या खाणींनी शंभरावर वर्षांत आपले ढिगारे रचले आहेत. कोराडी, खापरखेडा आणि चंद्रपूर येथील औष्णिक वीज केंद्रांच्या आसपास राखेचे विस्तीर्ण तलाव आहेत. त्यांतील पाणी आटले की करड्या रंगाचे एक निर्जीव मैदान उरते. शेजारच्या गोव्यात एक टन लोहखनिज मिळविण्यासाठी सुमारे अडीच ते तीन टन माती-दगड उपसावा लागे, आणि त्याचे तांबडे ढिगारे डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत आजही उभे आहेत.

हे ढिगारे केवळ डोळ्यांना खुपतात असे नव्हे. मृगाच्या पहिल्या सरींबरोबर त्यांच्यावरील सैल भुकटी वाहून नाल्यात येते, नाल्याचे पात्र उथळ होते आणि पुढच्या पुराचे पाणी काठच्या शेतात शिरते. शेतात साचलेला हा गाळ सुपीक नसतो. उन्हाळ्यात वाऱ्याबरोबर हीच भुकटी घरांत, विहिरींवर आणि कपाशीच्या रानात पसरते. ज्या जमिनीवर ढीग उभा राहिला ती जमीन पूर्वी कोणाचे तरी शेत किंवा गावाचे चराऊ रान होती, हेही विसरून चालणार नाही. तेव्हा या ढिगाऱ्यांवर पुन्हा वनस्पती उभी करणे हा शोभेचा प्रश्न नसून गावच्या पाण्याचा, शेतीचा आणि आरोग्याचा प्रश्न आहे.

त्यासाठी वृक्षारोपणाचे कार्यक्रम होत नाहीत असे नाही. जुलै महिन्यात खड्डे खणले जातात, रोपे लावली जातात, छायाचित्रे निघतात आणि आकडा वर कळविला जातो. पुढच्या मे महिन्यात त्याच जागी गेल्यास पुष्कळदा खड्ड्यांची रांग दिसते आणि तीत वाळलेल्या काड्या उभ्या असतात. दोष रोपांचा नसतो, आणि लावणाऱ्यांच्या कष्टांचाही नसतो. झाड लावण्यासाठी माती लागते आणि ढिगाऱ्यावर माती नसते, एवढीच साधी गोष्ट नजरेआड झालेली असते.

मातीत असते काय?

शेतकऱ्याच्या दृष्टीने माती म्हणजे ज्यात पीक येते ती. शास्त्रज्ञांची व्याख्याही याहून फार वेगळी नाही. दगडाचा भुगा ही माती नव्हे. त्या भुग्यात कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा अंश मिसळावा लागतो, कणांची रवाळ घडण व्हावी लागते, त्यांच्या फटींत हवा आणि पाणी दोन्ही राहावे लागतात आणि असंख्य सूक्ष्म जीव नांदावे लागतात. निसर्गाला दगडापासून बोटभर माती करावयास शेकडो वर्षे लागतात. खाणीचे यंत्र तीच माती एका फावड्यात उचलून तीस-चाळीस मीटर ढिगाऱ्याच्या पोटात गाडते आणि खोलवरचा निर्जीव शेल वर आणून ठेवते. म्हणजे जमीन अक्षरशः उलटी होते.

अशा उलट्या जमिनीत अनेक उणिवा एकत्र येतात. यंत्रांच्या चाकांखाली माथा इतका दाबला जातो की मूळ आत शिरू शकत नाही. उतार मात्र इतका सैल राहतो की पाणी क्षणभरही थांबत नाही. विदर्भात हवेचे तापमान ४५ अंशांपलीकडे जाते, तेव्हा काळ्या शेलचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी अधिक तापतो आणि कोवळ्या रोपाचा खोडाजवळचा भाग भाजून निघतो. काही थरांत गंधक आणि लोह यांचे संयुग असते. त्याला हवा-पाणी लागले की आम्ल तयार होते आणि आम्लात धातू विरघळून मुळांना विषवत होतात. ही झाली विशेष संकटे. परंतु जवळजवळ प्रत्येक ढिगाऱ्यावर आढळणारी आणि बाहेरून न दिसणारी उणीव म्हणजे नत्राची.

स्फुरद, पालाश, चुना ही द्रव्ये दगडात थोडीफार असतात. नत्र दगडात नसल्यासारखाच असतो. तो हवेतून जीवांमार्फत जमिनीत येतो आणि कुजलेल्या सेंद्रिय द्रव्याच्या रूपाने साठून राहतो. इंग्लंडमधील लिव्हरपूल विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ अँथनी ब्रॅडशॉ (१९२६-२००८) यांनी खाणींच्या टाकाऊ जमिनींवर आयुष्यभर काम केले. बाहेरून खत न घालता वनस्पतींनी स्वतःच्या बळावर तग धरावा, यासाठी जमिनीत हेक्टरी सुमारे १,००० किलो नत्राचा साठा असावा लागतो, असा त्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे. आपल्याकडील युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत जेमतेम २१ किलो नत्र असते. म्हणजे हिशेबाने हेक्टरी अठ्ठेचाळीस गोण्या झाल्या! आणि त्या ओतूनही उपयोग नाही, कारण सेंद्रिय द्रव्य नसलेल्या भुग्यात युरिया टिकत नाही. पहिल्या मोठ्या पावसात तो नाल्याला मिळतो. हा साठा हळूहळू जमवावा लागतो, आणि तो जमविण्याचे काम शेंगाकुळातील वनस्पती सर्वांत स्वस्तात करतात. त्यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे रायझोबियम जिवाणू हवेतील नत्र बांधतात. या वनस्पतींचे दाट आच्छादन चांगले वाढल्यास वर्षाला हेक्टरी शंभर किलोच्या आसपास नत्र जमा होऊ शकतो. दहा वर्षांचा हा कार्यक्रम आहे. एका पावसाळ्यात तो उरकण्याची घाई केली की वाळलेल्या काड्यांची रांग उभी राहते.

गुमगावचा ढिगारा

या विचारावर आधारलेले काम महाराष्ट्रातच झाले आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजेच 'नीरी'ने, सावनेर तालुक्यातील गुमगाव येथील मँगनीज खाणीचा ढिगारा यासाठी निवडला. ही खाण मॉयल या सरकारी कंपनीची आहे. ढिगाऱ्यात सेंद्रिय कर्ब, नत्र आणि स्फुरद नाममात्र, मँगनीजचे प्रमाण मात्र भरपूर, आणि दगडगोट्यांमुळे ओलावा न टिकणारा, अशी एकंदर स्थिती होती.

तेथे प्रथम झाडाचा नव्हे, तर खड्ड्यात काय भरावयाचे याचा विचार झाला. ढिगाऱ्यावरील भुगा तसाच परत न टाकता त्यात शेणखत किंवा प्रेसमड मिसळण्यात आले. साखर कारखान्यात उसाचा रस गाळल्यानंतर मागे राहणारा काळसर गाळ म्हणजे प्रेसमड. त्यात सेंद्रिय द्रव्य भरपूर असते. एका कारखान्याचा टाकाऊ माल दुसऱ्या उद्योगाच्या टाकाऊ जमिनीला उपयोगी पडावा, यातील काटकसर कोणत्याही शेतकऱ्याला सहज पटेल. सेंद्रिय द्रव्याचे काम केवळ पोषण देण्याचे नाही. ते ओलावा धरून ठेवते, कणांना एकत्र बांधते आणि धातूंचा काही अंश स्वतःशी जखडून ठेवून मुळांचे रक्षण करते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. रोपवाटिकेतच रोपांच्या मुळांना उपयुक्त सूक्ष्म जीवांची जोड देण्यात आली. शेंगाकुळातील झाडांना रायझोबियम वर्गातील जिवाणू देण्यात आले, आणि त्यांच्याबरोबर अॅझोटोबॅक्टर व मायकोरायझा यांचाही उपयोग करण्यात आला. यांतील मायकोरायझा हे नाव ग्रामीण वाचकाला नवे वाटेल. ही मुळांशी सहजीवन करणारी बुरशी होय. तिचे केसाहून बारीक तंतू मुळापासून दूरवर पसरतात आणि ज्या फटींत मूळ शिरू शकत नाही तेथून पाणी व स्फुरद आणून झाडाला देतात. मोबदल्यात झाडाकडून साखर घेतात. सुपीक जमिनीत ही बुरशी आपोआप असते. ढिगाऱ्यात ती नसते आणि तिच्याविना बहुतेक झाडे उपाशी राहतात. जिवाणू निवडतानाही ते धातूंचे प्रमाण सोसणारे असावेत याकडे लक्ष देण्यात आले. बाजारातील जिवाणू खताचे पाकीट कोणत्याही ढिगाऱ्यावर चालेलच असे नाही, हा यातून घ्यावयाचा व्यावहारिक धडा आहे.

अशा खड्ड्यांत साग, शिसम, कडुनिंब, बांबू यांसारखी परिचित झाडे लावली गेली आणि ती तगली. झाडांपेक्षाही बोलके आहेत ते मातीचे नंतरचे नमुने. काही वर्षांनी घेतलेल्या नमुन्यांत सेंद्रिय कर्ब आणि नत्र वाढलेले आढळले, सूक्ष्म जीवांची संख्या अनेक पटींनी वाढली आणि पानगळीचा थर कुजू लागला. हा थर कुजू लागणे ही खरी खूण. पाने पडतात आणि तशीच कोरडी साठून राहतात, तेथे झाडे उभी असली तरी माती जिवंत झालेली नसते. याच पद्धतीने नीरीने पुढे चंद्रपूर भागातील कोळसा खाणीच्या सुमारे १० हेक्टर ढिगाऱ्यावर आणि खापरखेडा येथील राखेच्या साठ्यावरही काम केले.

वरची माती कोठे गेली?

गुमगावसारखे ढिगारे जुने होते, त्यामुळे तेथे माती नव्याने घडविण्यावाचून गत्यंतर नव्हते. नव्या खाणीत हा खर्च बराचसा टाळता येतो. खोदकामापूर्वी वरचा वीतभर ते हातभर थर वेगळा काढून ठेवणे आणि ढीग तयार झाला की तो त्यावर पसरणे, एवढे केले तरी निम्मे काम होते. वर्धा खोऱ्यातील काळी माती तर जपून ठेवण्याजोगीच आहे. मात्र ती कशी ठेवावी यालाही महत्त्व आहे. उंच ढीग करून ती वर्षानुवर्षे ठेवली तर आतल्या थरात हवा पोहोचत नाही, सूक्ष्म जीव आणि गवताचे बी मरते आणि शेवटी मातीच्या नावाने चिखलाचा गोळा हाती येतो. तिचे ढीग बुटके असावेत, त्यांवर गवत किंवा ताग पेरावा आणि शक्य तितक्या लवकर ती वापरावी. खाणीला भेट देणाऱ्या अधिकाऱ्याने पहिला प्रश्न झाडांविषयी न विचारता 'वरची माती कोठे ठेवली आहे?' असा विचारला, तर पुढील अनेक गोष्टी आपोआप स्पष्ट होतील.

राखेची गोष्ट थोडी निराळी. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण बहुधा ३० ते ४५ टक्के असते, त्यामुळे वीज केंद्रांतून ती प्रचंड प्रमाणात निघते. भट्टीत नत्र आणि सेंद्रिय द्रव्य जळून गेलेले असते. उरलेली राख बहुधा अल्कधर्मी असते, तीत बोरॉन आणि क्षार अधिक असतात, आणि ओली होऊन वाळली की सिमेंटसारखी पापडी धरते. असे असूनही राखेच्या तलावाच्या काठी कास आणि पाणकणीस स्वतःहून उगवतात; 'बेशरम' तर आपल्या नावाला जागून कोठेही येते. कासाच्या मुळांचे जाळे राख घट्ट धरून ठेवते. ज्यांना काय लावावे असा प्रश्न पडतो, त्यांनी तेथे आधीच काय उगवले आहे ते पाहावे, ही जुनी शेतकरी रीत येथेही लागू पडते.

उतार, पाणी आणि एक दुर्घटना

वनस्पतीच्या आधी उतार येतो. टिपरमधून ओतलेला दगड-मुरूम स्वतःच्या वजनाने सुमारे ३७-३८ अंशांच्या कोनात स्थिरावतो. त्या उतारावर माती ठरत नाही आणि माणसाला उभे राहणेही कठीण जाते. खाणींना परवानगी देताना ढिगाऱ्याचा अंतिम उतार २८ अंशांपेक्षा अधिक नसावा अशी अट सामान्यपणे घातली जाते, ती यासाठीच. उतारावर पायऱ्या पाडणे, पायथ्याशी दगडी भिंत घालणे, भोवताली नाली काढून तिचे पाणी गाळ बसण्याच्या खड्ड्यात सोडणे, तीव्र भागावर काथ्याच्या जाळ्या अंथरणे ही कामे झाडांपूर्वी व्हावी लागतात. महाराष्ट्रातील ग्रामीण कार्यकर्त्याला यात अपरिचित असे काही नाही. रोजगार हमीच्या कामांवर ज्यांनी समतल चर खणले, त्यांना हे शास्त्र हातांनीच ठाऊक आहे.

या कामाकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, हे वेल्समधील अॅबरफान या खाणगावाने २१ ऑक्टोबर १९६६ रोजी अनुभवले. डोंगरउतारावर, झऱ्याच्या जागेवर टाकलेला कोळसा खाणीचा ढिगारा पाण्याने भरून घसरला आणि खालच्या शाळेवर आला. १४४ जणांचा बळी गेला, त्यांत ११६ मुले होती. आपल्याकडेही जुलै २०२२ मध्ये कोराडी वीज केंद्राच्या खसाळा येथील राख बंधाऱ्याला पावसात भगदाड पडून राखमिश्रित पाणी आसपासच्या भागात पसरले. ढिगाऱ्यावरील गवत अशा मोठ्या दुर्घटना एकट्याने टाळू शकत नाही. परंतु ज्या ढिगाऱ्याचा उतार आणि निचरा गवत टिकण्याइतका नीट केलेला असतो, तो घसरण्याची शक्यताही कमी असते.

गवत आधी, झाड नंतर

पहिल्या वर्षी ढिगाऱ्यावर गवत आणि शेंगाकुळातील बुटक्या वनस्पती असाव्यात. दीनानाथ गवत आणि स्टायलो यांची जोडी कोळसा खाणींवर चांगली सिद्ध झाली आहे. दीनानाथ झपाट्याने जमीन झाकते आणि स्टायलो नत्र बांधते. घळींच्या तोंडाशी वाळा किंवा घायपात लावल्यास माती अडते. आच्छादन तयार झाले की त्यांच्या सावलीत करंज, शिसम, शिरीष, खैर, कडुनिंब, आवळा, सीताफळ, बांबू यांची मिश्र लागवड करता येते. करंज, शिसम, शिरीष आणि खैर ही नत्र बांधणारी झाडे आहेत आणि आपल्या रानांतलीच आहेत.

येथे एका मोहाचा उल्लेख करणे भाग आहे. सुबाभूळ किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ लवकर वाढते, गुरे दुसऱ्या झाडाला फारसे तोंड लावत नाहीत आणि तीन वर्षांत तपासणी अधिकाऱ्याला हिरवळ दाखविता येते. म्हणून संपूर्ण ढिगारा एकाच जातीने भरण्याची प्रथा पडली. सुरुवातीचा आधार म्हणून अशी झाडे निरुपयोगी नाहीत. परंतु ऑस्ट्रेलियन बाभळीची जाड पाने लवकर कुजत नाहीत, तिच्याखाली दुसरे फारसे उगवत नाही आणि सुबाभूळ एकदा पसरली की आवरत नाही. हिरवा रंग मिळतो, रान मिळत नाही.

ब्रॅडशॉ यांच्या आणखी एका संशोधनाचा येथे उपयोग होतो. वेल्समधील शिसे, जस्त आणि तांबे यांच्या जुन्या खाणींच्या ढिगाऱ्यांवर तुरळक गवत दिसे. तेच गवत शेजारच्या कुरणातून आणून लावले तर मात्र मरत असे. तपासाअंती असे दिसले की कुरणातील हजारो बियांत एखादेच बी धातू सोसणारे निघते. ढिगाऱ्यावर तेवढेच जगते आणि काही पिढ्यांत तेथे सोशिक गवताचा वेगळा वाण तयार होतो. पुढे अशा वाणांचे बी लागवडीसाठी मुद्दाम तयार करण्यात आले. आपल्या ढिगाऱ्यांवर स्वतःहून तगलेल्या मूठभर गवताचे आणि झुडपांचे बी म्हणूनच मोलाचे आहे. ते गोळा करणे शाळकरी मुलांनाही जमेल, मात्र शिक्षकांनी त्यांना तीव्र उतारावर आणि चालू खाणीच्या हद्दीत नेऊ नये.

चराईचा प्रश्न टाळता येणार नाही. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी ही महाराष्ट्रातील आदर्श गावांनी रूढ केलेली शिस्त येथेही लागते. पहिली तीन वर्षे तर ती अटळ आहे. पण ज्या गावाचे चराऊ रान खाणीत गेले, त्या गावाला 'गुरे आणू नका' एवढेच सांगणे न्यायाचे नाही. गवत कापून नेण्याची मुभा देणे हा मधला मार्ग आहे. तत्पूर्वी गवतातील धातूंची तपासणी प्रयोगशाळेकडून करून घ्यावी. राखेवर किंवा धातूयुक्त ढिगाऱ्यावर पालेभाज्या मात्र लावू नयेत. तेथे इमारती लाकूड, बांबू आणि तेलबियांची झाडेच बरी.

एका नगराने काय केले

हे सर्व काम कंपनीचे, स्थानिक संस्थेने त्यात काय करावयाचे, असा प्रश्न येथे उभा राहील. त्याचे उत्तर कॅनडातील सडबरी या खाणनगराने कृतीने दिले आहे. तेथे १८८३ मध्ये रेल्वेमार्ग टाकताना तांबे आणि निकेलचे साठे सापडले. सुरुवातीच्या काळात खनिज लाकडांच्या थरांवर रचून उघड्यावर महिनोन्महिने भाजले जाई. लाकडासाठी जंगल तुटले, गंधकाच्या धुराने उरलेले जळाले आणि टेकड्यांवरील माती वाहून जाऊन काळे पडलेले खडक उघडे पडले. सुमारे २०,००० हेक्टर जमीन पूर्ण ओसाड आणि त्याभोवतीची सुमारे ८०,००० हेक्टर अर्धओसाड झाली.

१९७२ मध्ये तेथे ३८१ मीटर उंचीचे धुराडे उभारण्यात आले. त्याने नगराची हवा सुधारली, तरी गंधक दूरवर जाऊन पडू लागला. पुढे कारखान्यांच्या प्रक्रिया बदलून त्याचे उत्सर्जन खरोखर घटविण्यात आले. कारण चालू असताना परिणामावर मलमपट्टी करून भागत नाही, ही गोष्ट तेथे स्पष्ट झाली.

दरम्यान विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञांना असे आढळले की माती आम्लधर्मी झाल्यामुळे धातू विषारी झाले आहेत, आणि जमिनीवर दळलेला चुनखडक टाकला की बी रुजते. १९७८ मध्ये प्रादेशिक नगरपालिकेने हे काम हाती घेतले. त्या वेळी खाणीत कामगारकपात झाली होती. काम गेलेले कामगार आणि सुट्टीतील विद्यार्थी यांना रोजगार देण्यात आला. त्यांनी पोती खांद्यावर वाहून टेकड्यांवर हेक्टरी सुमारे दहा टन चुनखडक हाताने पसरला, थोडे खत आणि गवत व शेंगाकुळातील वनस्पतींचे बी टाकले. पुढे पाइनची रोपे लावली. बर्चसारखी काही झाडे वाऱ्याने आलेल्या बियांतून स्वतःच उगवली. नंतरच्या काळात जवळच्या जंगलातून तळची माती, मुळे आणि झुडपे यांचे लहान चौकोनी तुकडे कापून आणून नव्या रानात बसविण्यात आले, म्हणजे झाडांखालचा झाडोराही तयार व्हावा. १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने या कार्याचा गौरव केला. २०२२ मध्ये तेथे एक कोटीवे झाड लावण्यात आले, आणि काम अजून संपलेले नाही.

याचा अर्थ आपल्याकडे ढिगाऱ्यांवर चुना टाकत सुटावे असा नव्हे. राखेसारख्या अल्कधर्मी जागी त्याने उलट नुकसान होईल. माती तपासल्याशिवाय उपाय ठरवू नये, आणि तो ठरल्यावर चव्वेचाळीस वर्षे सोडू नये, अशी सडबरीची रीत आहे.

ग्रामपंचायतीच्या हातात काय आहे

कायद्याची बाजू पूर्वीइतकी दुबळी राहिलेली नाही. कोळसा खाणींसाठी २००९ पासून खाण बंद करण्याची योजना आणि तिच्या खर्चासाठी स्वतंत्र खात्यात रक्कम ठेवणे बंधनकारक करण्यात आले. खाणकाम संपलेल्या जमिनीवर पुन्हा गवत वाढवून ती जनावरांच्या चाऱ्यास आणि वनस्पती-प्राण्यांना योग्य करावी, अशी अट खाणपट्ट्यांत घालण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० रोजी केंद्र सरकारला दिला. ३१ डिसेंबर २०२१ च्या राखेविषयीच्या अधिसूचनेने वीज केंद्रांवर जुनी साठलेली राखही टप्प्याटप्प्याने वापरण्याचे बंधन घातले. मात्र जो तलाव स्थिर होऊन त्यावर हरितपट्टा उभा राहिला आहे, त्याला यातून वगळता येते. म्हणून असा हरितपट्टा खरा आहे की कागदी, हे पाहण्यास आता विशेष कारण आहे.

पर्यावरणविषयक मंजुरीची प्रत प्रकल्पचालकाने ग्रामपंचायतीस द्यावयाची असते आणि ती तीस दिवस लोकांना पाहता येईल अशी लावावयाची असते, अशी तरतूद २००६ च्या अधिसूचनेत आहे. पुष्कळ ठिकाणी ही प्रत कपाटात राहते. वास्तविक वरच्या मातीचा साठा, उतार, नाल्या, हरितपट्टा यांच्या अटी तीतच लिहिलेल्या असतात. अटींच्या पालनाचा अहवाल प्रकल्पाने दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. ग्रामसभेत हे दोन कागद शेजारी ठेवून वाचले, तर कोणत्याही तज्ज्ञाशिवाय पुष्कळ कळते. खनिज बाधित गावांसाठी २०१५ च्या कायदादुरुस्तीने आलेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीतून पर्यावरणरक्षणाची कामे घेता येतात. परंतु ढिगाऱ्याची जबाबदारी मुळात खाणचालकाची आहे. तिचा भार गावाच्या निधीवर पडू नये याकडे सरपंचांनी लक्ष द्यावे.

मोजणीची पद्धतही बदलावी लागेल. किती रोपे लावली याऐवजी तिसऱ्या उन्हाळ्यानंतर किती जिवंत आहेत, किती जातींची आहेत आणि खाली गवत आहे की उघडी जमीन, एवढे तीन आकडे नोंदविले तरी पुरे. गावची शाळा हे काम दर जूनच्या पहिल्या आठवड्यात करू शकेल.

लागवडीचे वेळापत्रक मात्र जूनमध्ये सुरू होत नाही. दीनानाथ गवताचे बी दिवाळीच्या सुमारास तयार होते, तेव्हाच ते गोळा करावे लागते. करंजाच्या शेंगा उन्हाळ्यात मिळतात. मायकोरायझा आणि जिवाणू दिलेली रोपे रोपवाटिकेत काही महिने वाढवावी लागतात. खड्डे मार्चपर्यंत खणून उन्हात तापू द्यावेत, आणि शेणखताच्या किंवा प्रेसमडच्या गाड्या ढिगाऱ्याच्या पायथ्याशी एप्रिलअखेर पोहोचाव्यात. एकदा पाऊस सुरू झाला की त्या ओल्या उतारावर ट्रॅक्टर चढत नाही.